गाडी अडली तर आधी सांधे बघा

आज आपण बोलणार आहोत बॅटरीवर चालणाऱ्या गाडीबद्दल. मोठ्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना फिरवायला असते ना, छप्पर असलेली, दारं नसलेली, आवाज न करणारी? तीच. तिला गोल्फ कार्ट म्हणतात. आपण आपली बॅटरी गाडी म्हणू.

तुम्ही म्हणाल, ही गाडी आपल्याकडे कुठे? तर आता येऊ लागली आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात माथेरानला मोटारींना बंदी आहे. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा सुरू झाल्या. माणसाने माणूस ओढायची हातरिक्षा बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. किनाऱ्यावरही रिसॉर्टवाले जुन्या गाड्या काढून टाकतात आणि त्या स्वस्तात मिळतात म्हणून बचत गट, घरगुती खानावळी, वाडीत खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका त्या घेतात. आमच्या गटानेही अशीच एक घेतली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आपल्या किनाऱ्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवा माड लावला तरी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर काय करायचं, म्हणून आम्ही सात जणींनी वाडीत पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. फाटक खाली, खोल्या वर टेकाडावर. सामान आणि म्हातारी माणसं वर न्यायला ही गाडी. तिची आरटीओकडे नोंदणी नाही, त्यामुळे ती सरकारी रस्त्यावर काढत नाही, वाडीतल्या आतल्या वाटेवरच चालवतो. तुम्हीही हे लक्षात ठेवा.

तर एका दिवाळीच्या सुट्टीत, खोल्या भरलेल्या असताना, गाडी चढावर मधेच थांबली. आत दोन आजी बसलेल्या. खाली वळवली की चालायची, चढाला लागली की मरायची. मेकॅनिकला बोलावलं. त्याने सीट उचलली, आत एक नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, आठही बॅटऱ्या गेल्या. नवा सेट घाला." त्याने सांगितलेली किंमत आमच्या गटाच्या खात्यातल्या शिलकेच्या दुप्पट होती. त्या रात्रीच्या बैठकीत कर्ज काढायचं की गाडी भंगारात द्यायची, यावर वाद झाला.

पुढे काय झालं ते सांगतेच. पण आधी ही गाडी चालते कशी ते समजून घेऊ.

आठ जणींची रांग

आमच्या गाडीत सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या आहेत. सहा आठे अठ्ठेचाळीस, म्हणून ती ४८ व्होल्टची गाडी. काही गाड्यांत बारा व्होल्टच्या चार असतात, काहींत आठ व्होल्टच्या सहा. जुन्या काही गाड्या ३६ व्होल्टच्याही असतात. बॅटरीवर छापलेला आकडा आणि बॅटऱ्यांची संख्या यांचा गुणाकार केला की आपली गाडी किती व्होल्टची ते कळतं.

या बॅटऱ्या एकीची अधिक खूण दुसरीच्या वजा खुणेला, अशा जाड वायरीने ओळीने जोडलेल्या असतात. विहिरीपासून घरापर्यंत आठ जणी रांगेत उभ्या राहून घागर हातोहात देतात, तसंच हे. एकीचा हात दुखरा असला तर बाकी सात कितीही दणकट असोत, अख्खी रांग मंदावते. आणि दोघींच्या मधली जागा निसरडी असली, तर हात धड असूनही घागर सांडते. बॅटरी म्हणजे बाई, आणि दोन बॅटऱ्यांमधला वायरीचा सांधा म्हणजे ती मधली जागा.

सपाटीवर ही गाडी थोडा करंट ओढते. चढावर, माणसं भरलेली असताना, शंभर अँपिअर आणि त्याहून जास्तही ओढते. म्हणून सांध्यातला दोष सपाटीवर लपतो आणि चढावर उघडा पडतो. हिशेब बघा. एका सांध्यात घाण बसून तिथे दोन व्होल्ट अडकले आणि शंभर अँपिअर करंट जात असेल, तर दोन गुणिले शंभर, म्हणजे दोनशे वॅट त्या सांध्यातच जळतात. जुन्या पिवळ्या शंभरच्या दोन बल्बांची उष्णता, तुमच्या बोटाएवढ्या जागेत! वायरीचं प्लॅस्टिक वितळतं, शिसं मऊ होतं आणि मोटारीला कमी वीज मिळते ती वेगळीच.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. आपली हवा खारी. मीठ ओल ओढून घेतं, हे बरणीतल्या मिठावरून आपल्याला ठाऊक आहे. हेच बारीक मीठ तांब्याच्या तारेवर बसतं आणि हिरवी बुकटी तयार होते. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हिरवं दिसतं, तसंच हे कळकणं. त्यात बॅटरीतून निघणारी आम्लाची वाफ मिसळते आणि शिशाच्या खुंटावर पांढरी पूड धरते. घाटावर जो सांधा वर्षानुवर्षं टिकेल तो आपल्याकडे एका पावसाळ्यातच खराब होऊ शकतो. म्हणून आपल्या बायकांसाठी पहिला नियम: गाडी अडली तर आधी सांधे बघा, बॅटऱ्या बदलायचा विचार त्यानंतर.

हात घालण्याआधी

सीट उचलण्याआधी हातातल्या सोन्याच्या आणि धातूच्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. काचेच्या बांगड्याही काढा, फुटून हात कापतो. मंगळसूत्र गळ्यातून काढायचं नसेल तर ब्लाऊजच्या आत खोचून वरून ओढणी घट्ट बांधा. पदर कमरेला खोचा. हे सौभाग्याविरुद्ध काही नाही. बॅटरीच्या दोन खुंटांना एकाच वेळी धातू लागला तर शेकडो अँपिअर करंट त्यातून जातो, बांगडी क्षणात लाल होते आणि हातातून निघत नाही. पान्याच्या मुठीलाही चिकटपट्टीचे जाड वेढे द्या.

बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं. डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी मोजे हवेत. आम्ल अंगावर उडालं तर पुष्कळ पाण्याने धूत राहा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारून सरळ दवाखान्यात जा. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो भडका घेतो. त्यामुळे उघड्या पडवीत चार्ज करा. जवळ चूल, उदबत्ती, विडी काही नको.

किल्ली बंद करा, चाकांना दगड लावा. काही गाड्यांत सीटखाली चालू-ओढणे असा बदलाचा स्विच असतो. तो ओढण्याकडे करा. वायर सोडवायची असेल तर आधी मुख्य वजा खुणेची सोडवा आणि जोडताना ती शेवटी जोडा.

एक मल्टिमीटर हवा. काही शे रुपयांत मिळतो. त्यावर डीसी व्होल्टचा २०० चा आकडा निवडा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, ते दर वेळी बघा. ती चुकून अँपिअरच्या भोकात राहिली तर मीटरच बॅटरीला शॉर्ट करतो. आणि एक वही ठेवा. बॅटऱ्यांवर खडूने एक ते आठ नंबर घाला.

एक एक पायरी

पहिली पायरी फुकटची. हँडब्रेक सुटला आहे का? पुढे-मागेचा दांडा मधे तर अडकला नाही? चार्जरची पिन गाडीत तशीच तर राहिली नाही? बऱ्याच गाड्या पिन लागलेली असताना मुद्दामच हलत नाहीत. तो सीटखालचा स्विच चालूकडे आहे का? हसू नका, आमची गाडी एकदा फक्त पिनेमुळे अर्धा दिवस उभी होती.

दुसरी पायरी, बॅटऱ्या स्वस्थ असताना मोजणं. चार्जिंग झाल्यावर निदान काही तास, रात्रभर ठेवता आली तर उत्तम, गाडी तशीच ठेवा. मग प्रत्येक बॅटरीच्या दोन खुंटांवर मीटर लावा. सहा व्होल्टची भरलेली बॅटरी ६.३ ते ६.४ दाखवते. ६.१ च्या आसपास म्हणजे अर्धी. ५.९ म्हणजे रिकामी. बारा व्होल्टची असेल तर याच्या दुप्पट धरा. सगळ्यांचे आकडे वहीत लिहा. सगळ्या सारख्याच कमी असतील, तर बहुधा चार्जिंग अपुरं झालं आहे. एकच बाकीच्यांपेक्षा खाली असेल, तर तिच्यावर संशय घ्या.

तिसरी पायरी, सांधे बघणं आणि साफ करणं. पांढरी-हिरवी पूड दिसली तर बॅटरीची झाकणं घट्ट बंद करून, अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून ते पाणी ब्रशने लावा. फेस येईल तिथे आम्ल आहे असं समजा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत एक थेंबही जाता कामा नये, आम्ल मरतं. पितळेला लावतो तशी चिंच इथे लावू नका. ती आंबट, सांधा आणखी कळकेल. मग साध्या पाण्याने धुवा, सुकवा. वायर सोडवून खुंट आणि वायरीचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत करा, नट घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा अळवाकडे सोडू नका.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक जण तीच गाळतात. ओझं असताना मोजणं. मीटरच्या वायरींना चिमटे लावा. एक चिमटा पाचव्या बॅटरीच्या खुंटावर, दुसरा तिला जोडलेल्या सहाव्या बॅटरीच्या खुंटावर. म्हणजे मधली वायर आणि तिची दोन्ही टोकं आपण मोजतो आहोत. चिमटे दुसऱ्या कशालाही लागू देऊ नका. वायरी सीटखालून बाहेर काढा, सीट टेकवा, एक जण गाडी चढावर चालवेल, दुसरी शेजारी बसून आकडा वाचेल. वायर आणि सांधे चांगले असतील तर आकडा शून्याजवळच राहतो. पाव व्होल्टच्या वर गेला तर तिथे दोष आहे. असे सगळे सांधे एकेक करून बघा. मग तसंच प्रत्येक बॅटरीचं करा. चढावर सगळ्यांचे व्होल्ट थोडे उतरतातच. एकच धाडकन खाली गेली, तर ती दुखरी.

आमची कर्जाची बैठक झाली, त्याच रात्री आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या होत्या, "अगं, गाडी थांबली तेव्हा सीटखालून जळका वास येत होता. बॅटरी संपली तर वास कशाला येईल?" काकूंनी आयुष्यभर वाडीचा शिंपणाचा पंप सांभाळला. त्यांचं म्हणणं, पंप पाणी ओढेना की आधी पाइपाचे सांधे बघायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या वायरमन भाच्याचा मीटर आणला आणि ही चौथी पायरी केली. पाचव्या-सहाव्या बॅटरीच्या मधे चढावर दोन व्होल्ट अडकलेले दिसले. वरून ती वायर चांगली दिसत होती, कोणीतरी तिला नीट काळी पट्टी गुंडाळली होती. पट्टी सोडली तर आतली तांब्याची तार हिरवी भुकटी झालेली!

तालुक्याच्या गावातून तेवढ्याच जाडीची वायर, दोन्ही टोकांना मशीनने दाबून बसवलेले लग, असं करून आणलं. जुन्यापेक्षा बारीक वायर कधीही घेऊ नका आणि टोकं हातोडीने ठोकून बसवू नका. खर्च काही शे रुपये. गाडी दोन आजींना घेऊन वर गेली.

पण खरं ते सगळं सांगते. मेकॅनिक दादा पूर्ण चुकला नव्हता. तिसऱ्या नंबरची बॅटरी चढावर बाकीच्यांपेक्षा बरीच खाली जात होती. ती खरंच दुखरी होती. आठातली एक. आम्ही तिच्या वयाचीच, तेवढ्याच ताकदीची वापरलेली बॅटरी तपासून घेतली. जुन्या सेटमध्ये एकच कोरी बॅटरी घातली तर जुन्यांच्या संगतीने तीही लवकर उतरते. सेट वर्षाच्या आतला असेल तर मात्र एक नवी चालते.

टक् आवाज येतो का?

बॅटऱ्या आणि सांधे ठीक आहेत आणि तरी गाडी हलत नाही, तर कान वापरा. जाणकार माणसाला सोबत घेऊन मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, खाली भक्कम ठोकळे द्या. किल्ली फिरवा, पेडल हळू दाबा. टक् असा आवाज येतो का? तो सोलेनॉइडचा. सोलेनॉइड म्हणजे पाटाचं दार. पेडलचा छोटा करंट त्याला उघडतो आणि मग बॅटरीचा मोठा करंट पुढे जातो. पेडल टक् होईपर्यंतच दाबा. जुन्या मोटारी ओझं नसताना बेफाम फिरतात.

टक् येत नसेल तर दोष बहुधा छोट्या वायरींत आहे: फ्यूज, किल्लीचा स्विच, पुढे-मागेचा स्विच, पेडलखालचा बारका स्विच. या स्विचांत वाळू आणि गंज बसतो. या बहुतेक वस्तू स्वस्त असतात.

टक् येतो पण मोटार फिरत नाही, तर सोलेनॉइडच्या दोन मोठ्या खुंटांवर मीटर लावा. पेडल दाबण्याआधी बरेच व्होल्ट दिसतील. टक् झाल्यावर आकडा शून्याजवळ यायला हवा. तो तसाच राहिला तर दार उघडल्याचा नुसता आवाज येतो, आतली पट्टी जळलेली आहे. सोलेनॉइड बदलावा लागेल. शून्यावर आला तर वीज पुढे गेली, मग दोष पुढच्या वायरीत, कंट्रोलरमध्ये किंवा मोटारीच्या कार्बनमध्ये.

इथे आपण थांबायचं. कंट्रोलरचा डबा उघडू नका, किल्ली बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. चार्जरची घरच्या विजेकडची बाजू, प्लग, अर्थिंग हे वायरमनचं काम. चार्जरची पिन किंवा वायर गरम लागत असेल तर तो वापरू नका, आणि पावसात अनवाणी, ओल्या जमिनीवर उभं राहून पिन लावू नका. आणि तुमच्या गाडीत लिथियमची बॅटरी असेल तर तिचा डबाही उघडू नका. आजची बॅटरीची माहिती पाण्याच्या, म्हणजे शिशाच्या बॅटरीसाठी आहे.

रोजची राखण

गाडी वापरली की त्याच रात्री चार्जिंगला लावा, रिकामी ठेवू नका. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, झाकणं उघडून पाणी बघा. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपतच पाणी घालून चार्ज करा, उरलेलं चार्जिंग झाल्यावर घाला. काठोकाठ भरू नका. पाणी फक्त डिस्टिल वॉटर. विहिरीचं नको, बोअरचं नको. आपल्या पाण्यात क्षार असतात, ते बॅटरी मारतात. पावसाळ्यात गाडी पागोळ्यांपासून लांब, उंच जागी उभी करा.

बॅटरी खरोखरच संपली तर भंगारवाल्याला वाडीत फोडू देऊ नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि शिशाचे पैसे बिलातून कापून घ्या.

मेकॅनिकशी भांडायचं कारण नाही. तो आपलाच माणूस, उद्या लागणारच. फक्त वही पुढे करा आणि म्हणा, "दादा, हे आठ बॅटऱ्यांचे चढावरचे आकडे. यातली कोणती गेली ते मीटर लावून दाखवा." आमच्याकडे आता तोच दादा येतो आणि आल्याबरोबर विचारतो, "ताई, वही कुठाय?"

गटात दोघी-तिघींना तरी हा मीटर लावता यायला हवा. एकीलाच येत असेल तर तिच्या लेकीचं बाळंतपण निघालं की गाडी उभी राहायची. पुढच्या बैठकीत एक मीटर आणा आणि गाडी नसेल तर गावातल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर शिकून घ्या. बांगड्या मात्र आधी काढा.